एक 'च्या' जास्त

दि. ४ सप्टेंबर

प्रिय टकटक यास,
ताईचा सप्रेम सलाम.

एवढं लिहून दहा मिनिटं पेन हातात धरून बसले आहे. चर्चच्या मंडळीतल्या कुणालाही पत्र लिहिताना 'प्रभूमध्ये सलाम' असं आपोआप उमटतं. तुला लिहिताना हात अडला. म्हटलं, पहिल्याच ओळीत भांडण नको. सप्रेम तर सप्रेम, त्यात खोटं काही नाही.

तुझा पत्ता दगडाच्या ट्रकवाल्याने दिला. आपल्याकडे दगड उतरवतो तोच माणूस तुमच्या फरशीच्या कारखान्यातही माल टाकतो, हे मला सोळा वर्षांत कळलं नाही, आणि त्याला सांगावंसं वाटलं नाही. मुलखाचा घुम्या. परवा पावतीवर सही घेताना म्हणतो, "तुमच्या घरातलाच चेहरा तिकडे पॉलिशच्या मशीनवर बसतो." मी पावती तशीच हातात धरून त्याला खुर्चीवर बसवलं. तुला मुलगी आहे, ती नऊ वर्षांची आहे, आणि तिच्या पुढच्या दोन दातांत फट आहे, हे सगळं त्याच्याकडून एकेक करून उपसून काढलं. म्हणजे आपल्या आईवर गेली. दातांचं मी त्याला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो वैतागला.

इकडचं म्हणशील तर ठीक. मी तशीच आहे, केस पांढरे झालेत आणि गुडघा बोलतो. लग्न केलं नाही. कारण विचारू नकोस, विचारणारे गल्लीत भरपूर आहेत. आपला कबरीच्या दगडांचा कारखाना चालू आहे, म्हणजे बंद नाही. कोपऱ्यावर एकाने अक्षरं कोरायचं मशीन आणलंय. अर्ध्या तासात अख्खा दगड, सगळी अक्षरं एकाच साच्यातली. आपल्याकडे येतात ती जुनी घराणी आणि ज्यांना बाबांच्या हातची अक्षरं आठवतात ती माणसं. आखणी अजून मीच करते. कोरायला आठवड्यातून तीन दिवस एक माणूस येतो. तो अक्षरं कोरतो की खड्डे पाडतो, हे त्याचं त्याला माहीत.

बाबा एक्याऐंशीचे झाले. नजर गेल्यात जमा. समोरचं नीट दिसत नाही, कडेकडेचं दिसतं, म्हणून माणसाशी बोलताना मान तिरकी करून बोलतात आणि नवीन गिऱ्हाइकाला वाटतं म्हातारा शंका घेतोय. तोंड मात्र शाबूत आहे. गेल्या महिन्यात एक बाई नवऱ्याच्या दगडाचा मजकूर घेऊन आली, मी अक्षर अन् अक्षर, वेलांटीसकट वाचून दाखवला, तर बाबा तिला म्हणाले, "स्मृती ऱ्हस्व कशाला केलीत? दगडावर एकदा चुकलं की माणूस जन्मभर तसाच झोपतो." ती बिचारी हसावं की रडावं म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

ते आता बोटांनी वाचतात. कोरलेला दगड झाला की उजव्या हाताची बोटं प्रत्येक अक्षरात घालून पाहतात आणि मगच गिऱ्हाइकाला द्यायला सांगतात. पण बोटंही चालली आहेत. साठ वर्षं हातोडी धरली ना. थंडी पडली की बोटं पांढरी होतात आणि स्पर्श कळत नाही. डावा हात तर गेलाच. डॉक्टर म्हणाले, ही थंडी उजवाही नेईल, त्यावर औषध नाही.

तर मुद्द्याचं. बाबांनी स्वतःचा दगड निवडलाय. काळा, दीड हात रुंद, एकही शीर नाही. भिंतीला टेकवून ठेवलाय आणि त्याच्या वरच्या कडेवर सकाळचा चहाचा कप ठेवतात. शेजारीण बघून गेली आणि आठ दिवस आली नाही. नाव आणि जन्माची तारीख आखून झाली, पण खड्डेवाल्याला त्यांनी हात लावू दिला नाही. "त्याचा हात नको," म्हणाले. मी विचारलं, मग कुणाचा? त्यावर कपातला गार चहा एका घोटात संपवून ते उठून गेले.

मी समजायचं ते समजले. तूही समज. त्यांना तो दगड बोटांनी वाचायचा आहे, स्वतःच्या हयातीत आणि थंडीच्या आत. तू ये, आणि कोर.

आईच्या दगडाचं काही लिहीत नाही. तो ठीक आहे.

मुलीला माझा पापा.
तुझी,
ताई

---

दि. २९ सप्टेंबर

प्रिय टकटक,

पोचलं तुझं कार्ड. इतक्या वर्षांनी सहा ओळी. पॉलिशवाल्यांना शाई परवडत नाही का रे?

रागावू नकोस. सहा ओळी मी दिवसभर एप्रनच्या खिशात घेऊन फिरले आणि आखताना दोनदा रेघ चुकले. अक्षर तेच आहे तुझं, प्रत्येक काना ओळंब्याने सोडल्यासारखा सरळ.

तू लिहितोस, बाबांनी चारचौघांत मला दगाबाज म्हटलं, तो शब्द ते मागे घेतील तर येईन. लिहितोस, येशूबद्दल माझं मत आहे तेच आहे: तो देवाने पाठवलेला माणूस, माणसांत सगळ्यांत थोर, पण माणूस. बाबांना ते सोसणार नसेल तर मी दारातूनच परत जाईन. इथपर्यंत सगळं तुझ्या स्वभावाला धरून आहे. शेवटची ओळ मात्र मला राहून राहून टोचते आहे. "तुझं ते एक 'च्या' मी विसरलेलो नाही, ताई."

त्याबद्दल मी लिहीन. आज नाही.

आज तुला आपल्या जेवणाच्या टेबलाची आठवण करून देते. तू बावीस वर्षांचा होतास. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत पाचसहा जण पवित्र शास्त्र वाचायला जमायचे, त्यांत तू जायला लागलास, आणि एका रविवारी जेवताना विचारलंस, "येशू रोज पहाटे उठून प्रार्थना करायचा. कोणाला?" बाबा म्हणाले, पित्याला. तू म्हणालास, मग प्रार्थना करणारा देव कसा? आणि बाबांनी घास खाली ठेवला. ते म्हणाले, माझ्या पापाची क्षमा चांगल्या माणसाच्या हातात असती तर मी वाण्याकडे गेलो असतो, तोही चांगला माणूस आहे. तुम्ही दोघं तासभर भांडलात. आईने मध्ये एकदाच तोंड उघडलं. "मी हाक मारते, तो ऐकतो. आता तुमचं चालू द्या."

पण एक कबूल कर. त्या भांडणाने तू घराबाहेर गेला नाहीस. बाबांनी दुसऱ्याच दिवशी कारखान्यात सांगितलं होतं, तुझं डोकं तुझं, पण दगडावर गिऱ्हाईक देईल तेच कोरायचं. तू हो म्हणालास आणि चार वर्षं पाळलंस. 'येशू आमचा देव' असं तू कितीतरी दगडांवर कोरलंस, आणि त्या अक्षरांत कधी आळस दिसला नाही. बाबा ते लोकांना सांगायचे. "माझा मुलगा मानत नाही, पण कोरतो मानणाऱ्यापेक्षा चांगलं." तुझ्या तोंडावर कधी म्हणाले नसतील. माझ्याबद्दल तर मागेपुढे कुठेच काही चांगलं म्हणाले नाहीत, ते असो.

म्हणून 'दगाबाज' हा शब्द तुला का लागला ते मला कळतं. तुझ्या श्रद्धेला काही म्हटलं असतं तर तू भांडला असतास. त्यांनी तुझ्या हातालाच नाव ठेवलं.

शब्द मागे घ्या असं मी त्यांना सांगू शकत नाही. सांगायला गेले तर ते विचारतील का, आणि मग मला सांगावं लागेल. बघ, आजही मी तिथपर्यंत येऊन वळते आहे.

सकाळी खिडकीच्या काचेवर धुकं होतं. बाबांनी हात दोनदा चोळले.

तुझी ताई

ता. क. मुलीचं नाव नाही लिहिलंस. दिवसभर छिन्नीची टकटक करायचास म्हणून तू टकटक, आणि टकटकची मुलगी म्हणून मी तिला मनात टिकटिक म्हणते. आवडलं नाही तर खरं नाव कळव.

---

दि. १७ ऑक्टोबर

माझ्या धाकट्या,

सलामबिलाम राहू दे. हे पत्र बसून, एकट्याने आणि शेवटपर्यंत वाच.

मागच्या गुरुवारी सकाळी बाबा म्हणाले, दफनभूमीत जायचंय, आईच्या दगडाची उंची मोजायची. माझा तिच्यापेक्षा उंच नको, घर तिनेच चालवलं. मी नको म्हटलं, वारा आहे, गुडघा दुखतो, हजार सबबी सांगितल्या. खरं कारण हे, की महिनाभरापूर्वी मी दगड धुवायला गेले होते आणि तिथे काय झालंय ते मला माहीत होतं. पण ते कोट घालून दारात उभेच राहिले. गाडी केली आणि गेलो.

तिथे घडलं ते सांगण्याआधी सोळा वर्षांपूर्वीचं सांगते. तुला सगळं माहीत आहे असं तुला वाटतं. माझ्या बाजूचं तुला काहीच माहीत नाही.

आईच्या दगडाचा मजकूर बाबांनी स्वतः लिहिला. शेवटची ओळ होती, 'तिने आपला आत्मा येशू देवाच्या हाती सोपवला.' कागद मला दिला. मी त्यावरून कागदावर अक्षरांचा खाका आखला, दगडावर उतरवला. तू कोरलंस. दगड उभा राहिला, सगळी मंडळी जमली, पाळकांनी मोठ्याने वाचलं आणि मध्येच अडखळले. दगडावर होतं, 'येशूच्या देवाच्या हाती.'

एक 'च्या' जास्त. तेवढ्याने येशू देव राहिला नाही, त्याच्यावर दुसरा देव आला. तू शिंप्याच्या खोलीत जे बोलायचास नेमकं तेच. सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या. बाबांनी मला विचारलं, खाका कुठाय? मी म्हटलं, काम झाल्यावर फेकला, नेहमीसारखा. मग ते तुझ्याकडे वळले आणि म्हणाले, "आईच्या दगडावर दगा केलास. दगाबाज!"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं. तू एक शब्द बोलला नाहीस, आणि संध्याकाळी पिशवी घेऊन गेलास.

ते 'च्या' माझं होतं. खाक्यातच होतं.

आता तू म्हणशील, हे तर मला कोरतानाच माहीत होतं, ताई. होय. इथेच खरी गाठ आहे. आई जायच्या आठवड्यात मी तुम्हा दोघांवर चिडून तुला म्हणाले होते, आईचा देव आणि येशूचा देव एकच आहे, आता पुरे करा. मी भांडण मिटवायला म्हणाले होते. तू ते मनात धरलंस. आणि दगडावर माझ्या आखणीत 'येशूच्या' दिसलं, तेव्हा तुला वाटलं ताईने हे जाणूनबुजून लिहिलं, आईच्या दगडावर, माझ्यासाठी. म्हणून तू मला न विचारता, त्या अक्षराचा माझा वळलेला कानाही सरळ न करता, कोरलंस. म्हणून बाबांपुढे मुका राहिलास. मला वाचवत होतास. पुढच्या वर्षी तुझं कार्ड आलं, "ते अक्षर तू दिलंस, म्हणून मी एकटा नाही." ते वाचून मला सगळं उलगडलं. मी उत्तर लिहिलं नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. टपालाचा शिक्का स्पष्ट होता.

टकटक, मी ते जाणूनबुजून लिहिलं नव्हतं. ती चूक होती. आई जाऊन पाच दिवस झाले होते, मी रडत आखत होते, 'देवाच्या' मधलं 'च्या' हाताला आधीच आलं. पुढे ते परत आलं, आणि दोनदा आलं हे मला दिसलंच नाही. आपल्या धंद्यात प्रत्येकाच्या हातून कधी ना कधी होतं तसं. ओळ मधोमध बसली होती म्हणून मी दुसऱ्यांदा वाचलीसुद्धा नाही. त्यात ना तू होतास ना तुझं मत.

सोळा वर्षांपूर्वी त्या दिवशी दफनभूमीतून घरी आल्यावर मी खाका शोधून काढला. फेकलेला नव्हता, ड्रॉवरमध्येच होता. मी तो फाडला, बारीक बारीक तुकडे करून. बाबांना घाबरले असं लिहिलं तर तू मला माफ करशील, आणि ते अर्धं खरंही आहे. उरलेलं अर्धं असं. बाबांनी माझ्या आखणीला जन्मभर नावं ठेवली आणि तुझ्या हाताचं जन्मभर कौतुक केलं. त्या दिवशी पहिल्यांदा चुकलेला तू होतास आणि बिनचूक मी. दोन दिवस मला ते गोड लागलं, रे. तिसऱ्या दिवशी तुझं ताट मांडायला गेले आणि मग कळलं मी काय केलंय. तोवर तू कुठे गेलास हे कोणालाच माहीत नव्हतं.

आता गुरुवारचं.

तू गेल्यावर बाबांनी रागारागात, नीट न पाहताच, दगडाच्या पुडीचं लुकण, आपली ती लांबी, भरून ते 'च्या' बुजवलं होतं, ते तुला ठाऊक नसेल. पाळकांचं समाधान झालं. 'येशू' आणि 'देवाच्या' यांच्यामध्ये एक मोठी रिकामी जागा राहिली, ती सगळ्यांनी सोळा वर्षं पाहिली आणि कुणी काही बोललं नाही. उन्हापावसाने ती लांबी गळून पडली आहे. 'च्या' पुन्हा उघडं पडलंय, आतून नव्यासारखं काळं. मी महिनाभर बाबांना सांगितलं नव्हतं.

बाबा गुडघ्यावर बसले. आईचं नाव वाचलं, तारखा वाचल्या, शेवटच्या ओळीवर आले. बोटं थांबली. मी घाईघाईने म्हटलं, भरणी पडली आहे, उद्याच भरून घेते. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचं बोट 'च्या'च्या कान्यावर वरून खाली गेलं, परत वर गेलं, परत खाली आलं. तुला आठवतं ना, माझा काना खाली जरासा आत वळतो? लहानपणापासून ते त्यावरून मला रागावत आले, आणि माझी खोड गेली नाही. तू माझे काने नेहमी सरळ करायचास; ते 'च्या' तू स्वतःच्या मनाने घातलं असतंस तर त्याचाही काना सरळ आला असता.

"हा काना तुझा आहे," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. बस, एवढंच. सोळा वर्षं ज्याला लागली तो शब्द इतका लहान होता. मग मी सगळं सांगितलं, खाका, ड्रॉवर, तुझं कार्ड, सगळं, तिथेच ओल्या गवतात उभी राहून. ते आईच्या दगडाला धरून बसून होते. त्यांनी एकच विचारलं, "त्याला माहीत होतं तुझं आहे?" मी म्हटलं, होय, आणि तरी बोलला नाही.

बाबांना रडताना मी आईच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, फिरले, रेडिओशी भांडले, मी घरात नसल्यासारखे. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाले, चहात साखर कमी आहे. मी साखर घालताना हुंदके देत होते आणि ते मान तिरकी करून बघत होते. मग म्हणाले, बस, कागद घे.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "येशू देव आहे. तो मानत नाही, तो चुकतोय, आणि समोर आला तर मी परत सांगेन. पण मी त्याला दगाबाज म्हणालो ते खोटं होतं. सोळा वर्षं मी खोट्यावर बसून प्रार्थना केली. शब्द मागे घ्यायचा तो मी घेईन, माझ्या तोंडाने, तू लिहू नको. तू तुझं लिही." तर ते तू वाचलंच नाहीस असं समज. त्यांच्या तोंडून ऐक.

मी विचारलं, आईच्या दगडाचं काय, पुन्हा भरायचा का? त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "चूक आहे. राहू दे. आखणी तुझी, कोरणं त्याचं. माझी दोन्ही मुलं त्या एका अक्षरात आहेत." मी म्हटलं, पाळक विचारतील. तर म्हणाले, विचारू दे, मी चूक आहे म्हणून सांगेन, पण भरणार नाही.

आता माझं शेवटचं, आणि हे मला सगळ्यांत जड जातंय. तू सोळा वर्षं ज्या आधारावर उभा आहेस तो मी काढून घेते आहे. ताई तुझ्या बाजूची आहे असं तुला वाटत आलं. मी नाही. मी बाबांच्यासारखीच मानते, अगदी हाडातून. आई शेवटच्या दिवसांत वेदनेने वाकायची तेव्हा मी येशूला हाक मारली आहे आणि खोलीत कोणीतरी आलं आहे. मेलेला चांगला माणूस माझ्या खोलीत कसा येईल, मला सांग? तू सांगशील काहीतरी, तुझ्याकडे उत्तर असेलच. मला ते ऐकायचंय. टेबलावर बसून, तू घास हातात धरून, बाबा मान तिरकी करून, आणि टिकटिक मध्ये मध्ये तोंड घालत. मला तुझं ते भांडण हवंय, रे. सोळा वर्षं आम्ही दोघं एकमेकांशी सहमत होऊन जेवतो आहोत. घास उतरत नाही.

म्हणजे मला तुझ्याजवळ कबूल करायला हवं, तू एकटाच होतास. मी तुझ्या बाजूची नाही, हे मीच तुला सांगू शकले असते, आणि नाही सांगितलं. हे वाचून तू येणार नसशील तर तो तुझा हक्क आहे. मी दाराची कडी लावत नाही, एवढंच.

सोबत खाका आहे. बाबांच्या दगडाची शेवटची ओळ. मजकूर त्यांनी सांगितला, 'त्याने आपला आत्मा येशू देवाच्या हाती सोपवला.' त्यात एकही शब्द त्यांनी कमी केला नाही. मी म्हटलं, तो हे कसं कोरेल? म्हणाले, "पूर्वी कोरायचा तसं. त्याच्याइतकं प्रामाणिक दुसरं कोण कोरणार?" थंडी दारात आली आहे. काल सकाळी उजव्या हाताची तर्जनी दुपारपर्यंत पांढरी होती.

खाका मी तीन वेळा वाचला आहे, उलटासुद्धा वाचला आहे. काने सगळे आत वळलेत, ते तू सरळ करशील हे ठाऊक आहे, कर. पण एक ऐक. एखादं अक्षर जास्त दिसलं, कमी दिसलं, वेगळं दिसलं, तर माझ्या मनात काय असेल ते तू ठरवू नकोस. छिन्नी लावण्याआधी मला विचार. मी तुझ्या शेजारीच उभी असेन.

तुझ्या बाजूची नसलेली, तरी तुझीच,
ताई